डावीकडे डफ, उजवीकडे घंटी

ता. ३ जून

ती. आक्कास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या भुवया कुठे गेल्या असतील ते मला इथून दिसतंय. वर्ष होत आलं, मी तुला फोन केला नाही की दोन ओळी खरडल्या नाहीत. आज लिहायला बसले, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि पत्राला मध्ये तोडता येत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यातलं निम्मं तुझ्या धाकात गेलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घावर हसायचं नाही.

सरळच सांगते. मला तुझ्यावर सूड उगवायचा आहे. मारामारी आता आपल्या दोघींच्याही गुडघ्यांना झेपणार नाही, म्हणून वेगळा उपाय काढलाय, तो पुढे सांगते.

गेल्या उन्हाळ्यात तू आमच्या सोफ्यावर बसली होतीस. हातात चहा, चहात बिस्किट. माझी नात भिंगरी तुझ्या पायाशी गादीवर होती. तिच्या डोक्यावरून तू माझ्या सुनेला म्हणालीस की हा रिकामा हंडा आहे, किती वाजवला तरी आत काही नाही. हिला एखाद्या निवासी संस्थेत ठेव आणि वय आहे तोवर दुसरं होऊ दे. मग गुंडाळलेल्या सतरंजीवरून जावं तशी तिला ओलांडून तू हात धुवायला गेलीस. सुनेने तुझा कप घेतला आणि घासला, घासला, मला वाटलं त्याची फुलं निघून जातील. त्या दिवसापासून ती तुझं नाव घेत नाही, ‘त्या’ म्हणते. भिंगरी त्या संध्याकाळी जेवली नाही. सगळे म्हणाले पोट बिघडलं असेल. मला मात्र ते पटलं नाही.

तर उपाय असा, की भिंगरीने काही केलं रे केलं की मी तुला पत्र पाठवणार आणि तू ते वाचायचंस. चष्मा लावून, शेवटपर्यंत.

पहिली बातमी. इस्त्रीच्या दुकानामागे दोन खोल्यांचं एक केंद्र निघालंय. जिना नाही, उतरण आहे, त्यामुळे खुर्ची सरळ आत जाते. कपड्यांच्या वाफेचा वास येतो, पण मला तो आवडतो. तिथे एक बाई गाण्यातून उपचार करते. सडपातळ, पायात कॅनव्हासचे बूट, गिटारला चिकटपट्टी लावलेली. आम्ही तिला गाणेबाई म्हणतो. मला वाटलं ही गाणं शिकवणार, आणि आपल्या घराण्यात सूर कुणाला आहे! ती म्हणाली की गाणं शिकवायचं नाही, बोलणं शोधायचं आहे. जन्माच्या वेळी भिंगरीच्या मेंदूला इजा झाली. त्यामुळे मेंदूचा हुकूम हाताला, जिभेला पोचेपर्यंत वाट चुकतो, कधी उशिरा पोचतो, कधी भलतीकडेच. पण याचा अर्थ कळत नाही असा नाही. गाण्यात ताल ठरलेला असतो, आपली पाळी कधी येणार ते आधीच समजतं, मग शरीराला तयारीला वेळ मिळतो.

मग ती गाते. भिंगरी भिंगरी, आलीस का, एवढं गाते आणि गप्प. इतकी गप्प की मला वाटलं बिचारी पुढचं विसरली. म्हणून मीच ओरडले, आली, आली! पुन्हा गायली, पुन्हा मी. तिसऱ्या खेपेला तिने मला हाताला धरून बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. गोड हसत म्हणाली की आजी, तुम्ही तिची पाळी खाताय. आक्का, या वयात वर्गाबाहेर!

दाराला काच होती म्हणून बरं. मी बघत होते. भिंगरीची डावी मूठ उठली, डळमळली, तिच्याच कानाला लागली, एक फेरा मारून आली आणि समोरच्या डफावर पडली. ढुम! आणि हसली, आक्का. मान, पोट, पायाची बोटं, सगळी हसली.

भिंगरी हे नाव चालता न येणाऱ्या पोरीला शोभत नाही असंही तू म्हणाली होतीस. मुद्दाम तेच ठेवलंय.

लोभ वाढवावा असं लिहायची पद्धत आहे. या खेपेला आहे तेवढाच ठेव, वाढवू नकोस.

तुझी,
धाकटी


ता. १४ जून

चि. धाकटीस,
आक्काचे अनेक आशीर्वाद, मनापासून नसले तरी.

सूड उगवायला पोस्टाचं तिकीट लावणारी जगात तू एकटीच असशील. पत्र वाचलं. चष्मा लावून, शेवटपर्यंत. तुझं अक्षर अजूनही पावसात भिजलेल्या मुंग्यांसारखं आहे.

मी बोलले ते नाकारत नाही. तुमच्या घरात सगळे एकमेकांची तोंडं बघत बसता, म्हणून कुणीतरी बोलायला हवं होतं. भिंगरीला न्हाणीघरातून पलंगावर आणताना तुझी पाठ कशी कण्हते ते मी ऐकलंय. तुझी सून उभ्या उभ्या पेंगते. उद्या तू अंथरुणाला खिळलीस तर त्या पोरीला उचलणार कोण? हे विचारलं की मी दुष्ट.

माझ्या शेजारणीची बहीण एका निवासी संस्थेत काम करते. स्वच्छ जागा, उजेड, उचलायला एका वेळी दोघी बायका. जुलैअखेर तिथे एक पलंग रिकामा होतोय. मी तुझ्या मुलाला कळवलं. त्याने मला स्वतः फोन केला होता, हे त्याने तुला सांगितलेलं दिसत नाही. म्हणाला की मावशी, ती मला आणि खुर्चीला वेगळं ओळखते एवढं तरी एकदा कळलं असतं, तर मी नाहीच म्हणालो असतो. तेव्हा माझ्यावर दातओठ खाण्याआधी घरात चौकशी कर.

राहता राहिला तो डफ. हवेत फिरणारी मूठ कुठेतरी पडणारच. डफ समोर ठेवला तर डफावर पडेल, पातेलं ठेवलं तर पातेल्यावर. तुला हवं ते तू ऐकतेस. माझ्या नातवाला पोहण्यात बक्षीस मिळालं, पण मी त्याची पत्रं पाठवत नाही.

जुलैच्या मध्यावर दातांच्या डॉक्टरकडे यायचंय. एक दिवस तुझ्याकडे उतरेन. सुनेला सांग, माझ्यासाठी कागदी कप आण, म्हणजे घासायला नको.

लोभाचं ओझं होत नसेल तर असू द्यावा.

आक्का


ता. २ जुलै

ती. आक्कास,
सा. न., बाकी काही नाही.

चौकशी केली. चिरंजीव बूट पुसत होते, तसेच पुसत राहिले. म्हणाला की हो, महिनाअखेर उत्तर द्यायचंय. सून पलीकडे कपडे घालत होती भिंगरीला, तिचे हात थांबले. म्हणजे तिलाही आत्ताच कळलं. आक्का, तू माझ्याच घरात माझ्या पाठीमागून पलंग टाकलास. आधी मी तुला नुसतं चिडवणार होते. आता सोडणार नाही.

तू ये. अवश्य ये. तुझ्या स्वागताची तयारी जोरात आहे.

केंद्रात आता दोन वस्तू झाल्यात. डाव्या मुठीखाली डफ, तो म्हणजे हो. उजव्या कोपराजवळ खुर्चीच्या दांड्याला घंटी, ती म्हणजे नाही. उजवा हात तिचा उघडत नाही, पण कोपर बाहेर फेकता येतो, हे गाणेबाईने हेरलं. गाण्याच्या मध्येच थांबून ती विचारते, अजून गाऊ का, आणि वाट बघते. इस्त्रीवाल्याची तीन कापडं होतील इतकी वाट बघते. मग ढुम तरी होतं, नाहीतर टिण. टिण झालं की बाई खरंच गाणं बंद करते. बाईचं म्हणणं असं की दोन्हींत घंटी महत्त्वाची. ज्याला फक्त हो म्हणता येतं त्याच्याकडून कुणीही काहीही कबूल करून घेईल.

मला काही ती घंटी आवडत नाही. दुकानात गिऱ्हाईक आल्यासारखी वाजते. डफ कसा भरदार! घरीही एक डफ आणलाय आणि मी रोज जेवणानंतर भिंगरीला एक गाणं म्हणून दाखवते, माझं स्वतःचं, सूर माझाच, म्हणजे नाहीच. त्यात डफाच्या जागा आहेत आणि ती एकही जागा चुकत नाही. गाणेबाईला हे सांगितलेलं नाही. तिचे नियम फार. तुला मात्र ऐकवणार आहे. हातरुमाल घेऊन ये, घाम पुसायला.

कागदी कप आणून ठेवलेत.

लोभ माळ्यावर टाकलाय, सापडला तर देईन.

धाकटी


ता. २० जुलै

चि. धाकटीस,
आक्काचे आशीर्वाद.

घरी पोचले. दाताची भूल उतरली, आता दुखतोय. त्याहून जास्त काय दुखतंय ते तू जाणतेस.

शाबास. सोफ्यावर मला मधोमध बसवलंस, शेजारचे दोघे बोलावलेस, आणि गाणं काय, तर भिंगरीला ऐकू येतं? ढुम. भिंगरीला सगळं कळतं? ढुम. आक्काआजीची जीभ तिखट? ढुम. आक्काआजीचा हंडा रिकामा? ढुम! शेजारी हसून हसून लोळले. मी हसले नाही आणि रडलेही नाही, हे तू पाहिलंस. पोरीची मूठ बरोबर जागेवर पडते, हे मी मान्य करते. मी चुकले होते. घे, लिहून दिलं.

पण पुढचं तू विसरू नकोस, कारण ते तुझ्याच गाण्यामुळे झालं. तुझा मुलगा दारात उभा राहून सगळं बघत होता. तो पुढे आला, खुर्चीसमोर उकिडवा बसला. त्याचा चेहरा मी लहानपणापासून पाहिलाय, इतका उघडा कधी पाहिला नव्हता. त्याने तिला विचारलं की तुला तिकडे राहायला जायचंय का, तिथे खूप मुलं आहेत. सगळे थांबले. तू सुद्धा गप्प बसलीस, हा चमत्कारच. आणि मग ढुम. मोठं, स्वच्छ.

मी सांगितलं नाही, तू सांगितलं नाहीस. तिचं तिने सांगितलं. तिला सगळं कळतं हे दाखवायलाच तर तू मला बोलावलं होतंस ना? मग आता तिचं ऐक. त्याने त्याच वेळी मला सांगितलं की पलंग नक्की कर. मी केला.

सुनेचा चेहरा बघवला नाही, हेही खरं. पण हे तिच्या भल्याचंच आहे.

लोभ असावा, हे मी या खेपेला खरोखर लिहितेय.

आक्का


ता. २ ऑगस्ट

ती. आक्कास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

हे पत्र सावकाश वाच, कारण मी सावकाश लिहितेय.

ते ढुम मीही ऐकलं. पण ढुमच्या आधी काय झालं ते फक्त मी पाहिलं. त्याने विचारलं आणि भिंगरीचा उजवा कोपर बाहेर गेला. मागे आला, पुन्हा गेला. पुन्हा. घंटी असायची तिथे नुसती हवा होती. घंटी मी सकाळीच सोडून पिठाच्या डब्यामागे ठेवली होती. माझ्या गाण्यात सगळी उत्तरं होच होती ना. मध्येच टिण वाजून रंगाचा बेरंग नको, म्हणून. तिचा कोपर हवा मारून दमला, अंग ताठ झालं, आणि ताठ झालं की डावी मूठ खाली येते. त्यातून रोज दुपारी मी तिला हेच शिकवत होते, की विचारलं आणि सगळे टक लावून बघायला लागले की वाजव. तुझा पाणउतारा करायच्या नादात मी पोरीचं नाही काढून पिठाच्या डब्यामागे ठेवलं.

तुझ्यासमोर बोलले नाही. तू जिंकल्यासारखी पर्स उचललीस, तरी नाही. तू गेल्यावर जेवताना सांगितलं. मुलगा ताट सरकवून उठला. म्हणाला की आई, तिला ठेवून घ्यायला तू आता काहीही सांगशील. त्याचं काय चुकलं? बहिणीला टोमणे मारायला नातीच्या मुठीचा वापर करणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवेल? सून मात्र उठली, डब्यामागून घंटी काढली आणि खुर्चीला बांधली. माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही.

मग ठरलं की केंद्रात जायचं, बाईसमोर विचारायचं. मी बाईला सगळं सांगितलं, गाण्यासकट. ती रागावली नाही. गिटारची एकच तार पिळत बसली, खूप वेळ. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं. मग म्हणाली की आधी तिला पुन्हा नाही म्हणू द्या. तिने एक उलटं गाणं काढलं. कानाला हात लावून हे नाक का, बुटाला हात लावून ही टोपी का. भिंगरी टिण, टिण! तिला इतका आनंद झाला की खरं नाक दाखवल्यावर सुद्धा आधी टिण करून मग ढुम केलं, नुसती आमची गंमत करायला. बरेच दिवस हेच चाललं. मुलगा कामावरून थेट तिथे येऊन कोपऱ्यात उभा राहायचा. एकदा बाईने त्याला गाण्यात ओढलं, तर तोही भसाड्या आवाजात टोपी टोपी करू लागला.

महिना संपत आला तेव्हा त्याने विचारलं. मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसला होता, गुडघे छातीला लागलेले. बाईने गिटारवर ताल धरला, मधली जागा मोकळी सोडली, आणि त्याने तिथे विचारलं की तिकडे राहायला जायचं का. मी ओठ दातांत धरले. कोपर निघाला, खुर्चीच्या पट्ट्यात अडकला, मागे आला. कुणी सोडवायला गेलं नाही. पुन्हा निघाला. टिण.

तो म्हणाला की चुकून लागली असेल. बाई म्हणाली, उलटं विचारा. त्याने विचारलं, घरी राहायचं? ढुम. पुन्हा पहिला प्रश्न. टिण, टिण, टिण, ती थांबेचना, शेवटी बाईने घंटी हातात धरली. मुलगा बाहेर जाऊन माझ्या बाकावर बसला. सून त्याच्यामागे गेली. मी आतच थांबले, तिथे माझं काम नव्हतं. त्याने तिथूनच संस्थेला फोन करून सांगितलं की पलंग ज्याला हवा आहे अशा दुसऱ्या मुलाला द्या. आणि आता सकाळ-संध्याकाळ उचलायचं काम त्याने आपल्याकडे घेतलंय. माझ्या पाठीची तुला काळजी होती म्हणून कळवते. ती काळजी खरी होती, हे मला ठाऊक आहे. तरी तू सुटलेली नाहीस.

कारण घरी आल्यावर मी भिंगरीला विचारलं. मुलगा-सून समोर होते, घंटी जागेवर होती, मी सगळे नियम पाळले. गेल्या उन्हाळ्यात आक्काआजी सोफ्यावर बसून हंड्याचं बोलली, ते तुला ऐकू आलं होतं का? ढुम. कळलं होतं? ढुम. विसरलीस का?

टिण.

आता झोप तुझ्या दुखऱ्या दातावर हात ठेवून. माझं गाणं पोरखेळ होता, आक्का. सूड हा आहे, आणि तो मी लिहिलेला नाही.

धाकटी


ता. १३ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
तुझ्या आक्काआजीचा, आशीर्वाद नाही, नमस्कार.

हे पत्र तुझ्या आजीचं नाही, तुझं आहे. ती वाचून दाखवेल. तिला सांग, मधे स्वतःचं काही घालू नकोस.

तू समोर असताना मी तू नसल्यासारखं बोलले. त्या बोलण्याला मी आजवर काळजी म्हणत आले. काळजी होतीही. पण काळजी असती नुसती, तर मी तुझ्या आईला स्वयंपाकघरात नेऊन बोलले असते. तुझ्यासमोर बोलले, कारण मी तुला माणसांत धरलंच नव्हतं. हे लिहायला मला चार कागद फाडावे लागले. तू ते वर्षभर आत घेऊन पडून राहिलीस आणि तुला उलटून बोलताही येत नव्हतं.

मला तुझ्याकडे यायचंय. शेजारी बसेन, ओलांडून जाणार नाही. बाई गाते तसं मला गाता येत नाही, नुसतं विचारते. मी आले तर चालेल का?

इथे मी थांबते. तुला हवा तेवढा वेळ घे.

आक्काआजी


ता. १९ ऑगस्ट

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ज्याचं त्याला पोचलं. भिंगरीची खुर्ची खिडकीशी घेतली आणि वाचून दाखवलं. माझं वाचन अडखळत, बोट ठेवून, त्यामुळे तिला प्रत्येक शब्द नीट मिळाला. स्वतःचं काही घातलं नाही. चार कागद फाडल्याचं ऐकून ती हसली, ते तेवढं कळवते.

शेवटचा प्रश्न वाचला, कागद मिटला आणि गप्प बसले. खाली कुणीतरी सायकलला हवा भरत होतं, ते सुद्धा भरून निघून गेलं. ती कागदाकडे बघत होती. मग माझ्याकडे. मी छताकडे बघितलं, माझ्या चेहऱ्यावरून तिने काही उचलू नये म्हणून.

टिण.

एकदाच. कोपर अडखळला सुद्धा नाही. नियमाप्रमाणे उलटंही विचारलं, आक्काआजीने येऊ नये का? ढुम. आत भांडी थांबली. सून हात पुसत बाहेर आली, भिंगरीच्या केसांवरून हात फिरवला आणि मला म्हणाली की आक्कांना कळवा. आक्कांना म्हणाली. वर्षाने तिच्या तोंडात तुझं नाव आलं, तेही या कामासाठी. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. मला इतका आनंद झाला की दुपारी दोन वाट्या भात जास्त गेला.

तेव्हा येऊ नकोस. पुन्हा विचारायचं असेल तर तिलाच विचार, पत्रं वाचायला मी आहे. माझ्याकडे शिफारस मात्र मागायची नाही. मला मधे बोलायला बंदी आहे.

लोभ किती ठेवायचा, ते आता तिच्याकडे आहे.

तुझी,
धाकटी